पाच पिनांचा कीबोर्ड

आमच्या वहिनींनी तीस वर्षांत माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, आणि तीही भंगारातली.

दुपारची वेळ होती. मी दुकानात बसून एका रिमोटच्या पोटातून फुटलेला सेल उकरत होतो. माझं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. पाटीवर अजून तसंच लिहिलंय, पण रेडिओ आता कोणी आणत नाही, आणि टीव्ही बिघडला की लोक नवा घेऊन मोकळे होतात. माझ्या वाट्याला राहिले रिमोट, चार्जर आणि इस्त्र्या. वहिनी आल्या, छातीशी कवटाळून आणलेली गोणपाटाची पिशवी त्यांनी काउंटरवर ठेवली, आणि काउंटरची काच थरथरली.

"भावजी, हा एवढा चालू करून द्या."

पिशवीत एक कीबोर्ड होता. आताच्या पोरींच्या पर्समध्ये मावतात तसला नव्हे. लोखंडी पत्र्याचं अंग, मधाच्या रंगाला आलेला वरचा पांढरा भाग, टेलिफोनच्या दोरीसारखी गुंडाळलेली वायर, आणि वायरीच्या टोकाला अंगठ्याएवढी जाड गोल पिन, तिच्यात पाच काड्या. मी उचलून बघितला आणि माझं मनगट वाकलं.

"वहिनी, हा कीबोर्ड आहे की फरशी?"

"काहीही म्हणा. चांगला आहे तो. कॉम्प्युटर मेला, हा नाही मेला."

"नवीन दिलाय ना लॅबवाल्यांनी तुम्हाला?"

"दिलाय. मला तो जमत नाही."

एवढंच बोलून त्या स्टुलावर बसल्या. वहिनी बसल्या की पूर्वी त्यांची बोटं कधी गप्प नसायची. त्या दिवशी हात मांडीवर नुसते ठेवलेले होते. मला ते दिसलं, पण ध्यानात काही आलं नाही. उघड्या डोळ्यांनी न बघायची माझी जुनी सवय आहे.

बोटांचं आधी सांगायला हवं. वहिनी टायपिस्ट. सोळाव्या वर्षी क्लासला बसल्या तेव्हा तिथले मास्तर मुलींच्या हातांवर लाकडी झाकण ठेवायचे, म्हणजे बटणं दिसू नयेत. त्या झाकणाखाली जी बोटं तयार झाली ती पुन्हा थांबली नाहीत. लग्न होऊन आमच्या घरी आल्या तेव्हा आई म्हणाली, "ही बोटं स्वयंपाकात पण अशीच चालतात का गं?" तर नवी नवरी खाली मान घालून म्हणाली, "चालतात, पण आवाज कमी येतो." आई त्या दिवशीच तिच्या बाजूची झाली. समोर कोणीही बोलत असलं की वहिनींची बोटं टेबलावर, मांडीवर, पदरावर, असेल तिथे ते बोलणं टाइप करत राहायची. एकदा माझं आणि आईचं कडाक्याचं भांडण जुंपलं होतं आणि वहिनी बाजूला बसून बोटं हलवतायत. मी वैतागून म्हटलं, "लिहून घेताय की काय?" त्या म्हणाल्या, "नाही हो, पण तुम्ही एकच वाक्य चौथ्यांदा बोललात." भांडण तिथंच संपलं.

सव्वीस वर्षं त्या एकाच ठिकाणी होत्या. रक्ताबिक्ताच्या तपासण्या करणारी लॅब, मोठ्या इस्पितळाला लागून असलेली. डॉक्टरीणबाई मायक्रोस्कोपवर डोळा ठेवून बोलत जायच्या आणि वहिनी त्याचा रिपोर्ट टाइप करायच्या. कोणाची गाठ साधी आहे आणि कोणाची नाही, ते घरच्यांच्या आधी वहिनींच्या बोटांना कळायचं. घरी येऊन त्यांनी त्यातलं एक अक्षर कधी तोंडातून काढलं नाही. त्या खोलीतला कॉम्प्युटर सव्वीस वर्षं चालला, कारण त्याला कोणी हात लावला नाही. "चालतंय ना, मग चालू द्या," हे तिथलं धोरण. शेवटी एका सकाळी तो उठलाच नाही. नवा आला. त्याच्यासोबत नवा कीबोर्ड आला, चपटा, बिनआवाजाचा. आणि दुसऱ्याच आठवड्यात वहिनींच्या हातून एका रिपोर्टमधलं दशांशचिन्ह गळलं. एक पूर्णांक दोनचे बारा झाले. डॉक्टरीणबाईंनी सही करताना पाहिलं म्हणून बरं. नाहीतर कोणातरी माणसाच्या घरी रडारड झाली असती, नाहीतर भलतं औषध गेलं असतं.

"मग काय म्हणाल्या बाई?" मी विचारलं.

"चांगल्या आहेत त्या. म्हणाल्या, महिनाअखेरीला माझ्यासमोर बसून दहा रिपोर्ट टाइप करा. एकही चूक नको. नाहीतर तळघरात."

तळघरात म्हणजे जुन्या फाइली आणि तपासलेल्या नमुन्यांच्या काचांचे खोके लावायचं काम. दिवसभर उभं राहायचं, वर-खाली जिने, आणि बोलायला ट्यूबलाइट. वहिनींना निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, बसवर कंडक्टर होता, गुडघे गेले म्हणून दोन वर्षांपूर्वीच घरी बसलेला. घर वहिनींच्या पगारावर चाललं होतं हे खरं, पण त्या दिवशी त्या पगाराबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. "मला माझ्या खुर्चीतूनच उठायचंय, भावजी, तळघरातून नाही," एवढंच म्हणाल्या.

जाताना दारातून वळून सांगितलं, "खालचं कापड तेवढं काढू नका. बाबांच्या कोटाचं आहे."

कीबोर्डच्या पोटाला हिरवट लोकरी कापड चिकटवलेलं होतं, कडेपासून बोटभर आत, नीट कातरलेलं. लॅबचं टेबल पत्र्याचं. पहिल्याच आठवड्यात कीबोर्ड त्यावर सरकला, हात एक बटण बाजूला पडला आणि सबंध पान गचाळ झालं. तेव्हा वहिनींनी वडिलांच्या जुन्या कोटाची बाही कापून, डिंक लावून हे अस्तर बसवलं होतं. सव्वीस वर्षांत कीबोर्ड केसभरही सरकला नव्हता.

मला वाटलं, दोन तासांचं काम. जाड गोल पिनीची बारीक गोल पिन करायची, बारीक गोल पिनीची चपटी करायची, लावायची, झालं. दोन्ही जोडण्या बाजारात सुट्या मिळतात. मी आणल्या, एकात एक घातल्या आणि दुकानातल्या कॉम्प्युटरला लावल्या. ढिम्म. बटणं दाबली की खाड् खाड् आवाज असा यायचा की शेजारचा शिंपी डोकावून गेला, पण पडद्यावर एक अक्षर उमटेल तर शपथ. मीटर लावून पाहिला. पाच व्होल्ट व्यवस्थित पोचत होते. म्हणजे ताटात वाढलेलं होतं, पण हा पठ्ठ्या जेवत नव्हता.

रविवारी दादाकडे गेलो ते सांगायला. दादाने चहा दिला, स्टीलच्या पेल्यात, आणि कोमट. गेलं वर्ष-दीड वर्ष त्या घरात चहा कोमटच मिळतो. घरी बसल्यापासून स्वयंपाकघर दादाने ताब्यात घेतलं होतं, आणि मी धरून चाललो होतो की ही त्याची अक्कल.

"दादा, हा चहा आहे की चहाचं प्रेत? आणि कप कुठे गेले तुमचे?"

"कप फुटतात. पितोयस ना? पी गुमान."

वहिनी भाजी आणायला निघाल्या तर हा गुडघ्यांवर हात देत उठला, दारापाशी गेला, त्यांच्या चपला उचलल्या, उलट्या करून झटकल्या, आत बोट फिरवलं आणि पुढ्यात ठेवल्या. मी म्हटलं, "वा! तिकिटं फाडायची सोडून आता ही नोकरी का?" दादा हसला. वहिनीही हसल्या, पण त्याच्याकडे न बघता.

त्या गेल्यावर त्याने विचारलं, "त्या धुडाचं काय झालं?"

लॅबच्या भंगारातून तो कीबोर्ड आणला होता तो दादानेच. मेलेला कॉम्प्युटर न्यायला माणूस येणार होता त्या सकाळी हा दुखऱ्या गुडघ्यांनी तिथे जाऊन अर्धा तास शिपायाशी हुज्जत घालत उभा राहिला होता. "आठवण म्हणून हवाय," असं शिपायाला सांगितलं म्हणे. मी मनात म्हटलं, म्हातारपणी प्रेमाला असा बहर येतो तर येऊ दे.

"चालत नाही," मी म्हटलं. "मेलेला दिसतोय."

"मेलेला नाही. तू बघ नीट. तू खटपट्या ना?" लहानपणी त्यानेच ठेवलेलं नाव. नाव काही चांगलं नाही, पण मला ते सोडवतही नाही.

मग मी अभ्यासाला बसलो. बावन्नाव्या वर्षी अभ्यास म्हणजे चष्मा पुसण्यातच अर्धा वेळ. चार दिवस इंटरनेटवर दुनियाभरच्या रिकामटेकड्यांचे सल्ले वाचले तेव्हा कळलं, की मी आणलेली ती शेवटची जोडणी म्हणजे नुसत्या वायरी. तिच्या पोटात अक्कल नाही. जुना कीबोर्ड एक भाषा बोलतो, नवा कॉम्प्युटर दुसरी, आणि मधे दुभाष्या लागतो. तसा चिप असलेला डबा मिळतो. मागवला. यायला आठवडा लागला, आणि त्या आठवड्यात वहिनी दोनदा दुकानावरून जाताना "आला का?" विचारून गेल्या. तिसऱ्यांदा नुसत्या बघून गेल्या.

डबा आला. दुसरा एक बारीक पिनीचा कीबोर्ड माझ्याकडे पडून होता, त्याला लावून पाहिला. धडाधड अक्षरं आली. इतका आनंद झाला की शिंप्याला बोलावून दाखवलं. मग वहिनींचा लावला. पुन्हा ढिम्म. शिंपी म्हणाला, "जाऊ द्या ना, नवीन घेऊन द्या त्यांना." मी त्याला म्हटलं, "तुम्ही काजं करा." माणूस चांगला आहे, दुसऱ्या दिवशी पुन्हा आला.

महिनाअखेर मंगळवारी होती. शनिवार उजाडला. लॅबला अर्धी सुट्टी, वहिनी दुपारी येऊन स्टुलावर बसल्या. मी ठरवलं होतं की दोष कीबोर्डातच आहे. कडेचे चार स्क्रू काढले, उघडला, सव्वीस वर्षांची धूळ ब्रशने काढली. आत एक खडूचा तुकडा निघाला आणि एक टाचणी. वायरीचे जोड काळे पडले होते. म्हटलं हेच असणार. सोल्डरिंगचं यंत्र तापवलं, जोड नवे केले, यंत्र स्टँडवर ठेवलं. तेवढ्यात काउंटरवर कोणी चार्जर घेऊन आलं म्हणून तिकडे वळलो.

वहिनींना पसारा बघवत नाही. मी गिऱ्हाइकाशी बोलत असताना त्यांनी माझं टेबल आवरायला घेतलं. स्क्रू एका झाकणात, ब्रश एका बाजूला. मला आधी वास आला. मी वळलो. वहिनींचा डावा हात स्टँडला टेकलेला होता, दोन बोटं तापलेल्या दांड्यावर, आणि त्या उजव्या हाताने शांतपणे धूळ पुसत होत्या.

"वहिनी! हात!"

त्यांनी हात उचलला आणि बोटांकडे बघितलं. ओरडल्या नाहीत, झटकलाही नाही. गिऱ्हाइकाला मी काय सांगून घालवलं ते आठवत नाही. त्यांना नळाखाली नेलं. दोन बोटांची टोकं पांढरी पडली होती.

"लागलं नाही फारसं," त्या म्हणाल्या.

"लागलं नाही? कातडी जळाली, वहिनी!"

"हो. दिसतंय."

पाणी वाहत होतं. मी त्यांचा हात धरून होतो आणि त्या नळाकडे बघून बोलत होत्या, डॉक्टरीणबाईंचा रिपोर्ट वाचून दाखवावा तशा. साखर पंधरा वर्षांची. ते सगळ्यांना ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी आधी पायांची जाणीव गेली. मग बोटांची. जाड हातमोजे घातल्यासारखं वाटतं. नव्या कीबोर्डवर बटण दाबलं गेलं की नाही, काही कळत नाही. वर बघावं तर खाली चुकतं, खाली बघावं तर वर. दशांशचिन्ह त्यांनी दाबलं होतं, अशी त्यांची समजूत होती.

"जुन्यावर कळतं," त्या म्हणाल्या. "आवाज आला की गेलं. नाही आला की नाही गेलं. आणि धक्का बसतो, तो मनगटात लागतो. मनगट अजून शाबूत आहे. माझं सगळं टायपिंग आता कानात आहे, भावजी."

"दादाला माहीत आहे?"

"नाही. आणि तुम्ही सांगायचं नाही. हे मला घरी बसवतील."

"मग बसा ना घरी!" मी ओरडलोच. मला राग आला होता, कशाचा ते मलाही धड कळत नव्हतं. त्यांचा, साखरेचा, त्या लोखंडी धुडाचा, आणि वर्षभर त्यांची बोटं गप्प आहेत हे समोर दिसत असून न बघणाऱ्या माझा. "पुरे झालं! किती ओढायचं माणसाने?"

"घरी बसून काय करू? सुई धरता येत नाही. ब्लाउजची बटणं लावायला दहा मिनिटं लागतात. भांडं गरम की गार ते कळत नाही. हे एकच काम राहिलंय मला येणारं. तेही गेलं की मी नुसती बसलेली बाई." त्यांनी नळ बंद केला. "दमलेय हो मी. पण बसून दमायचं नाहीये मला."

जोड नवे केलेला कीबोर्ड बंद केला, स्क्रू आवळले, लावून पाहिला. ढिम्म. वहिनींनी मान हलवली. "राहू द्या, भावजी. तुम्ही खूप केलंत. द्या तो इकडे." त्यांनी पिशवी उघडून धरली.

मी कीबोर्ड उलटा करून उचलला, पोट हाताकडे. माझा अंगठा त्या कोटाच्या कापडावर दाबला गेला, आणि एका जागी किंचित आत गेला.

मी पुन्हा दाबलं. चपट्या पत्र्यात तिथेच खळगी कशी? "वहिनी, इथे खाली काहीतरी आहे."

त्यांनी बोट फिरवलं. दोनदा फिरवलं. मग हात काढून घेतला. "मला नाही लागत. आहे का खरंच?"

"कापड काढायला लागेल."

त्या कापडाकडे बघत राहिल्या. सव्वीस वर्षं त्याखाली काय आहे हे बघायची कोणाला गरज पडली नव्हती. मग म्हणाल्या, "काढा. बाबा काही म्हणणार नाहीत."

ब्लेडने डिंक हळूहळू सोडवला. कापडाखाली, पत्र्याच्या छोट्या खाचेत, तांदळाच्या दाण्याएवढा एक सरकता स्विच होता. दोन्ही बाजूंना एकेक अक्षर कोरलेलं. चार दिवसांच्या वाचनात हे माझ्या डोळ्यांखालून गेलं होतं, आणि मी ते सोडून दिलं होतं. काही जुन्या कीबोर्डांना दोन भाषा यायच्या, त्या वेळच्या जुन्या कॉम्प्युटरची एक आणि नंतरच्या कॉम्प्युटरची दुसरी, आणि कुठली बोलायची ते खालच्या स्विचवर ठरायचं. या बिचाऱ्याला दुसरी भाषा पहिल्या दिवसापासून येत होती. वहिनींनी त्याच्या तोंडावर कोट चिकटवला होता.

"म्हणजे मीच झाकून ठेवलं होतं," वहिनी म्हणाल्या आणि हसल्या. महिनाभरात पहिल्यांदा मी त्यांना दात दिसेपर्यंत हसताना बघितलं.

बारीक स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने मी स्विच पलीकडे सरकवला. पिन काढून पुन्हा लावली. एक बटण दाबलं. पडद्यावर अक्षर आलं. मी खुर्ची सोडली. वहिनी बसल्या, भाजलेल्या बोटांसकट हात बटणांवर ठेवले आणि डोळे मिटले.

"वहिनी, आधी त्या बोटांना मलम लावा! फोड येतील, हट्ट करू नका," मी म्हटलं.

खाड्खाड्खाड्खाड्. पडद्यावर आलं: वहिनी, आधी त्या बोटांना मलम लावा! फोड येतील, हट्ट करू नका. एक अक्षर चुकलं नव्हतं. उद्गारचिन्हसुद्धा जिथल्या तिथे होतं.

"दुखत नाही ना," त्या म्हणाल्या, "तेवढाच काय तो फायदा."

शिंपी आवाज ऐकून आला होता. दारात उभा राहून बघत होता. मी त्याला आत बोलावलं नाही आणि घालवलंही नाही. जाताना वहिनींनी बजावलं, घरी इस्त्रीचा चटका बसला असं सांगणार आहे, तुम्हीही तेच सांगा. कापड मी नव्या डिंकाने परत चिकटवून दिलं, स्विचपुरती खिडकी कातरून.

मंगळवारी मी लॅबमध्ये गेलो, डबा आणि जोडण्या लावून द्यायला. लांबट खोली, भिंतीला खिडकी नाही, टेबल तेच पत्र्याचं. डॉक्टरीणबाई साठीच्या असतील, वहिनींच्यापेक्षाही दमलेल्या दिसत होत्या. त्यांनी कीबोर्डकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हा परत आला का?" म्हणाल्या आणि मायक्रोस्कोपवर वाकून बोलायला लागल्या. दहा रिपोर्ट. वहिनी मान किंचित तिरकी करून बसल्या होत्या, कान बटणांकडे. सातव्या रिपोर्टच्या मधे त्या एकदम थांबल्या. एक आवाज कमी पडला होता म्हणे. परत गेल्या, पडद्यावर बघितलं, खरंच एक शून्य राहिलं होतं. ते भरलं, पुढे गेल्या.

बाईंनी दहाही कागद बोट ठेवून वाचले. मग दहांवर सही केली. "ठीक आहे," म्हणाल्या. "उद्या लवकर या, तुंबलंय सगळं."

बाहेरच्या बाकावर वहिनी जरा टेकल्या. मला वाटलं होतं, डोळ्यांत पाणी येईल, काहीतरी बोलतील. त्या मनगट चोळत होत्या.

"झालं ना मनासारखं?" मी विचारलं.

"झालं. आता उद्या यायचं, परवा यायचं. तीन वर्षं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमचे उपकार कसे—"

"गप्प बसा," मी म्हटलं. मोठ्या वहिनीला मी पहिल्यांदाच असं म्हणालो, आणि त्यांनी ऐकलंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादाकडे गेलो. दुभाष्याचा दुसरा एक डबा मागवून ठेवला होता, वेळेला असावा म्हणून. वहिनी कामाला गेल्या होत्या. दादा म्हणाला, बस, चहा टाकतो. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बघत होतो. त्याने चहा उकळला, चांगला वाफाळता. पेल्यात गाळला. मग त्या पेल्यातून दुसऱ्या पेल्यात, त्यातून पुन्हा पहिल्यात, पाच-सहा वेळा. मग पेल्याला बाहेरून तळहात लावून बघितला, आणि पुन्हा एकदा ओतला.

"दादा, वहिनी नाहीयेत घरात. मला तरी गरम दे."

त्याचा हात थांबला. "अरे हो," म्हणाला. "सवय."

ओट्यावरच्या फळीकडे माझं लक्ष गेलं. कपांच्या जागी सगळे स्टीलचे पेले लावलेले. कप फुटतात. कोणाच्या हातून फुटत होते ते मी कधी विचारलं नव्हतं. चपला तो का झटकायचा, आत बोट का फिरवायचा, तेही नाही.

"पेला दोन्ही हातांनी धरून बसते ती," दादा माझ्याकडे पाठ करूनच म्हणाला. "बोटं भाजतात, तिला कळत नाही. चपलेत खडा असला तर पाय सोलून निघेपर्यंत चालेल. तुला सांगितलं ना तिने?"

"मला काय सांगणार?"

"तुझ्या तोंडावर दिसतंय. लहानपणापासून तुला काही लपवता आलंय? इस्त्रीचा चटका म्हणे. इस्त्रीने अशी दोनच बोटं भाजतात का?" तो वळला. डोळे पाणावले होते, पण आवाज कंडक्टरचाच होता, मागच्या सीटपर्यंत जाणारा, फक्त खाली आणलेला. "तिला कळू देऊ नकोस हं मला माहीत आहे ते. कळलं तर माझ्यासाठी म्हणून सोडेल ती नोकरी. आणि मग दिवसभर माझ्याकडे बघत बसेल. ते नको. तिला जायचंय ना, जाऊ दे."

"म्हणून भंगारातून तो आणलास?"

"मग काय, भिंतीला टांगायला?"

त्याने पेला माझ्या हातात दिला. दोघांचं एकच गुपित, दोघांनी मला एकमेकांपासून सांभाळायला दिलेलं, आणि मी तर काही लपवू न शकणारा माणूस. आता तीन वर्षं मला हे जमवायचं होतं. मी चहा तोंडाला लावला. नेहमीसारखाच कोमट होता. मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो आणि पेला पुढे केला.

"अजून अर्धा दे," मी म्हटलं.